घडणं आणि वाटणं

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आमचं आडनाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, नवराबायकोचं भांडण झाल्यावर तुम्ही जेवता का.

माझ्या नवऱ्याला वाटलं, ही भांडखोर भाडेकरू टाळण्याची युक्ती आहे. तो घाईने म्हणाला, आमचं भांडण होतच नाही. मी मात्र कशी कोण जाणे, खरं बोलून गेले. म्हटलं, मी जेवते. भांडताना मला जास्तच भूक लागते. हे ताट सरकवून उठतात आणि तासाभराने फरसाणाचा डबा शोधत येतात. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, आत गेल्या आणि किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. नवऱ्याच्या हातात नाही, माझ्या.

कारण पुढे कळलं. आदल्याच आठवड्यात एक जोडपं येऊन गेलं होतं. त्यातल्या बाईने सांगितलं की भांडण झालं की मी तीन तीन दिवस अन्नाला शिवत नाही. "कादंबरीतून उठून आल्यासारखी खोटं बोलली," काकू म्हणाल्या. "अशी बाई घरात नोको."

मी त्यांना काकू म्हणायचे. गावात बहुतेक जण त्यांना सिस्टर म्हणत, कारण तीस वर्षं त्यांनी हिंगणघाट आणि समुद्रपूरकडच्या उपकेंद्रांवर परिचारिका म्हणून काढली होती. किती बाळंतपणं केली हे त्यांना विचारलं तर म्हणायच्या, मोजली असती तर करता आली नसती. नवरा लवकर गेला. मुलगा बंगलोरला. त्याने मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता आणि त्या फोनवर काकू एकच गोष्ट करत: बायकांच्या कादंबऱ्या वाचत.

फोन यायच्या आधी पुस्तकं होती, आणि ती अजूनही घरभर होती. दिवाणात, शिलाई मशीनच्या पायाशी, गव्हाच्या कोठीवर. सगळ्यात जास्त कूलरमध्ये. विदर्भात प्रत्येक घरात खिडकीला तो भला मोठा लोखंडी कूलर असतो आणि थंडीचे चार महिने तो रिकामा असतो. काकूंना ती रिकामी जागा बघवत नसे. दिवाळी झाली की टाकी पुसून कोरडी करायच्या आणि त्यात दीडेकशे कादंबऱ्या रचायच्या. मार्च संपताना ऊन तापायला लागलं की कूलर रिकामा करायचा, म्हणजे प्रत्येक पुस्तक बाहेर काढून, चाळून, त्यातलं एखादं पान पुन्हा वाचून. या कामाला त्यांना आठवडा लागायचा. तोपर्यंत घरात सगळे घामाने निथळत बसत आणि शेजारपाजारच्या बायका येऊन हवं ते पुस्तक उचलून नेत.

कादंबऱ्याही कसल्या! जत्रेत हरवलेल्या जुळ्या बहिणी. डोक्याला मार लागून गेलेली आणि पुन्हा मार लागून परत आलेली स्मृती. गरीब घरात वाढलेली बंगल्याची वारस. मेलेली समजलेली आई मोलकरीण होऊन मुलीच्याच घरी कामाला. मी नाशिकला मराठी घेऊन एम.ए. केलेली, मला पहिल्या पंधरवड्यात हसू आवरायचं नाही. एकदा एका कादंबरीत नायिका स्वतःच्या दंडातून नळी लावून थेट नायकाच्या दंडात रक्त सोडते, असा प्रसंग त्यांनी वाचून दाखवला. मी म्हटलं, काकू, तुम्ही तीस वर्षं नर्स होतात, हे तुम्ही खपवून कसं घेता?

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "अवो, घडणं काय, काही बी घडते. मी उपकेंद्रावर असं असं पाह्यलं का लिहिलं तं लोक मारतीन मले. घडणं देवाचं. वाटणं आपलं. वाटणं खोटं नाई लिहाचं."

हा त्यांचा सगळा साहित्यविचार. कथेत विमान पडू दे, मेलेला उठू दे, राजवाडा निघू दे, त्या मान हलवून पुढे वाचत. पण वीस वर्षांनी मुलगा परत आला आणि आईने त्याला धावत जाऊन मिठी मारली, की पुस्तक बंद. काकू म्हणायच्या, आधी भीती वाटते. हा माझाच का, आणि माझा असेल तर मला काय म्हणेल, अशी भीती. आई आधी दाराला धरून उभी राहते. धावते ती नंतर.

एकदा वर्ध्याला पुस्तकांच्या प्रदर्शनात अशाच कादंबऱ्यांची एक नावाजलेली लेखिका सही द्यायला बसली होती. मला काकू बरोबर घेऊन गेल्या होत्या. रांगेत आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी पुस्तक पुढे न करता विचारलं, तुमच्या त्या कादंबरीत नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे हे समजल्यावर नायिका घरातल्या सगळ्या काचेच्या वस्तू फोडते. त्या काचा मग कोणी झाडल्या?

लेखिका हसली. मागच्या बायकाही हसल्या. मग लेखिका म्हणाली, कामवालीने झाडल्या असतील.

"नाई," काकू म्हणाल्या. "तिनंच झाडल्या. घरात रांगतं पोरगं हाय. हातात खराटा घेऊन ती खाटेखाली बी पाह्यते, एखादा तुकडा तं नाई राह्यला. ते लिहाचं होतं. तिथंच तं रडू येते."

लेखिकेने पेन खाली ठेवलं. मग स्वतः उठून बाजूची खुर्ची ओढली आणि काकूंना बसवून घेतलं. पुढचा अर्धा तास रांग तिथेच थांबली होती. त्या दोघी काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, पण परतीच्या गाडीत काकू खूश होत्या. म्हणाल्या, बाई चांगली आहे, फक्त घाईत लिहिते.

आता माझं सांगते. नवऱ्याची नोकरी बुटीबोरीला कारखान्यात, शिफ्टची. माझी नाशिकची शिकवण्याची नोकरी सुटलेली. दिवसभर त्या खोलीत मी आणि नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर. त्यावर मी गोष्टी लिहायला लागले. फोनवर रोज एक भाग वाचायला मिळतो अशा एका ॲपवर, टोपणनावाने. एम.ए.च्या वर्गात ज्या कादंबऱ्यांना नाकं मुरडली तसलीच एक. नायिकेचा नवरा विमान अपघातात जातो आणि चेहरा बदलून तिच्याच घरात भाडेकरू म्हणून येतो. लोक वाचत होते. मला मजा येत होती. घरी हे फक्त नवऱ्याला माहीत.

एके दिवशी काकू फोन घेऊन आल्या, अक्षरं मोठी करून दे म्हणाल्या. मी पडदा बघितला तर माझाच सतरावा भाग उघडा होता. सांगावं असं ओठांवर आलं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ही कोण बाई लिहिते मालूम नाही, पण हिला आजवर कोणी धोका दिला नाही असं वाटतं. मी अक्षरं मोठी करून फोन परत दिला.

त्यानंतरचे तीन-चार महिने माझ्यासारखी चैन कुठल्या लेखिकेने केली नसेल. मी रात्री भाग टाकायचे आणि सकाळी नळाला पाणी आलं की काकू अंगणात बादल्या भरता भरता त्याची चिरफाड करायच्या. चेहरा बदललेल्या नवऱ्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण नायिका त्याचा आवाज ओळखून बेशुद्ध पडते, ते त्यांना अजिबात पटलं नाही. बेशुद्ध कशाला पडेल, म्हणाल्या. आधी ती बघेल की शेजारीण बघते आहे का. मग पदराने हात पुसेल. हात कोरडेच असतील, तरी पुसेल. मी आत गेले आणि तो भाग बदलून पुन्हा टाकला. दुसऱ्या दिवशी काकू समाधानाने म्हणाल्या की ती लिहिणारी बाई सुधारते आहे.

एप्रिलमध्ये त्यांनी गच्चीवर कुरडया घातल्या. मी मदतीला होते. एकट्या बाईला आयुष्यभर पुरतील एवढ्या कुरडया. मी सहज विचारलं, एवढ्या कोणासाठी. काही वेळ त्या साच्याचा दांडा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, ताईच्या वाट्याच्या.

मोठी बहीण वडनेरला, शेतकरी घरात दिलेली. दर उन्हाळ्यात तिच्या वाट्याच्या कुरडया होतात आणि पाठवायला जमत नाही, म्हणून गल्लीत वाटल्या जातात. असं अकरा वर्षं. काकूंनी सगळं पाच-सहा वाक्यांत सांगितलं. आई ताईकडे राहायला होती. दोन दिवस छातीत जळजळतं म्हणत होती. ताईने फोन केला. काकू त्या वेळी कामावर होत्या, लसीकरणाची धावपळ होती. आईचं पित्त जुनं होतं. त्यांनी सोडा-लिंबू द्यायला सांगितलं, रविवारी येते म्हणाल्या. आई शनिवारी गेली. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर ताई म्हणाली, तू सिस्टर असून तुला समजलं नाही?

त्यानंतर ना ही तिकडे गेली, ना ती इकडे आली.

आणि मी काय केलं, तर तीन आठवड्यांनी ते लिहिलं. नायिकेची एक आत्या निर्माण केली, तिला एक बहीण दिली, मध्ये एक वाक्य आणि अबोला. मग एका भागात गाडीचा अपघात, रक्ताची गरज, एकीचं रक्त दुसरीला, आणि देवळाच्या पायरीवर दोघी गळ्यात पडून धाय मोकलून रडतात. त्या भागाला माझ्या सगळ्या भागांपेक्षा जास्त पसंतीचे बदाम मिळाले. लोकांनी रडण्याच्या चित्रांच्या रांगा लावल्या.

सकाळी नळाला पाणी आलं. काकूंनी बादल्या भरल्या आणि आत गेल्या. चार दिवस एक शब्द नाही. पाचव्या दिवशी दुपारी दारात येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तू लिहिते हे मले पहिल्या महिन्यापासून मालूम हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या गल्लीतली लाईट गेली का त्या दिवशी भाग येत नाई. अख्ख्या महाराष्ट्रात एकीचीच लाईट माह्या संगं जाते का?"

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं.

"माही गोष्ट घेतली त्याचा राग नाई. गोष्टी घ्यासाठीच असतात. पण अकरा वर्षं जे मले जमलं नाई, ते तू एका भागात उरकलं. माह्या बहिणीले इतक्या सोप्यात रडवलं. ती अशी रडत नाई. कशी रडते ते तुले मालूम नवतं, तं लिहाचं नवतं."

मी तो भाग त्यांच्यासमोर काढून टाकला. त्या म्हणाल्या, मिटवला तरी मी तर वाचला ना. आणि गेल्या.

मी लिहिणं थांबवलं. खोली सोडायचा विचारही नवऱ्याजवळ बोलून दाखवला. पण दोन आठवड्यांनी काकू वाटीभर सांभारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तळलेली वडी, घेऊन आल्या आणि वाटी ठेवता ठेवता विचारलं, तो चेहरा बदललेला माणूस किती दिवस दारात उभा करून ठेवणार आहेस. त्याचे पाय दुखत असतील. एवढ्यावर आमचं मिटलं. माफी मागायची माझी सगळी तयारी वाया गेली.

दिवाळीनंतर काकूंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. मुलगा लगेच येऊ शकत नव्हता, त्याला काकूंनीच नको म्हणून सांगितलं. सेवाग्रामला शस्त्रक्रिया ठरली, मी सोबत गेले. त्या दिवशी जिल्हाभरातून माणसं आली होती. काकूंनी तिथल्या नर्सला आपण सिस्टर असल्याचं आधीच सांगून टाकलं आणि मग निमूटपणे तिचं सगळं ऐकलं. दुपारपर्यंत डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना खाटेवर आणून निजवलं. महिनाभर वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, रडायचं नाही, असं सांगून नर्स पुढे गेली.

थोड्या वेळाने त्यांच्या डाव्या हाताच्या खाटेवर दुसऱ्या एका आजींना आणलं. त्यांच्या उजव्या डोळ्याला पट्टी. म्हणजे दोघींचे बांधलेले डोळे एकमेकींच्या बाजूला, उताणं निजल्यावर एकीला दुसरी दिसायची सोय नाही. त्या आजींसोबत त्यांचा जावई होता, तो औषधं आणायला खाली गेला. चहा आला. पलीकडून आवाज आला की या चहात साखर टाकायला विसरले आहेत, आमच्याकडे गुरांनाही याच्यापेक्षा गोड पाणी पाजतात.

काकूंचा कप ओठांशी थांबला. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि अगदी हळू म्हणाल्या, पलीकडे कोण आहे ते बघ. खाटेला लावलेल्या कागदावर नाव होतं, वय होतं आणि गाव होतं. मी परत येऊन त्यांच्या कानाशी म्हटलं, वडनेरच्या आहेत.

सांगते ते खरं आहे. मी हे लिहिलं असतं तर माझ्या एम.ए.च्या सरांनी कागद फाडून टाकला असता. पण जिल्हा एक, दवाखाना एक, मोतीबिंदूचं वय एक. कधीतरी खाटाही शेजारी लागणारच.

मला वाटलं, ओळख दाखवणार नाहीत. अर्ध्या तासाने त्यांनी मला खुणावलं.

"तिले विचार, पाठीखाली उशी पायजे का. उताणं निजलं का तिची पाठ धरते."

मी दोन पावलं पलीकडे जाऊन विचारलं. आजी म्हणाल्या, पाहिजे, पण तुला कोणी सांगितलं माझी पाठ धरते म्हणून?

मागून काकू म्हणाल्या, "मी."

वॉर्डात बाकी सगळे आवाज चालू होते. कोणीतरी खोकत होतं, भांड्यांची गाडी जात होती. आजींनी पांघरुणाचं टोक मुठीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. आणि मग छताकडे बघूनच विचारलं,

"डावा का उजवा?"

"डावा," काकू म्हणाल्या.

"माहा उजवा."

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. मी उशी हातात धरून मध्ये उभी होते. आजींची हनुवटी थरथरायला लागली, श्वास अडकला. काकूंना ते दिसत नव्हतं, पण श्वास ऐकू आला असणार. त्यांचा आवाज एकदम बदलला. उपकेंद्रावर कळा देणाऱ्या बाईशी बोलत असतील तसा झाला.

"रडू नोको, ताई. डोळ्यावर जोर येते. तोंडानं श्वास घे. घे. आता सोड."

आजींनी घेतला. सोडला. पुन्हा घेतला. नर्स धावत आली तोवर काकूंनी त्यांना शांत केलं होतं. जरा वेळाने आजी म्हणाल्या, आईच्या वेळी मी... आणि काकूंनी तिथेच तोडलं.

"आता नाई. महिनाभर रडाचं नाई सांगतलं हाय. महिन्यानं बोलू."

"महिन्यानं बोलू," आजी म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या की उशी दे आता, किती वेळ धरून उभी राहशील.

तो महिना मी विसरणार नाही. डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते आणि चारही वेळा फोन व्हायचा. थेंब टाकले का. टाकले. डोळा लाल आहे का. नाही. बाटली हलवून घेतली होती का. घेतली होती. बस, फोन बंद. आईचं नाव नाही, तेराव्याचं नाव नाही. ज्या बाईने आयुष्यभर कादंबऱ्यांतल्या लोकांना मनातलं खरं बोला म्हणून फटकारलं, ती स्वतः तारीख धरून बसली होती. मी चिडवलं तर म्हणाल्या, डॉक्टरांचं ऐकावं लागतं.

महिना पूर्ण झाल्यावर आजी आल्या. दोन बस बदलून, काळा चष्मा लावून, पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन. काकूंनी मला बोलावून घेतलं. सोलेभात करायचा होता, शेंगा सोलायला हात हवे होते, असं कारण सांगितलं. मला वाटतं, त्यांना एकटं बसायची भीती वाटत होती. आम्ही तिघी अंगणात ऊन घेत बसलो. अर्धा तास शेंगांबद्दलच बोलणं. यंदा अळी किती, दाणा कसा भरला. काकू दाणे सुपात आणि टरफलं परातीत टाकायच्या ऐवजी उलटंच करत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी गुपचूप टरफलं वेचून बाजूला टाकत होते.

"मले कोणाले तरी म्हणाचं होतं," आजी एकदम म्हणाल्या. हात थांबले नव्हते. "देवाले म्हणून काय फायदा होता? मीच तिच्यापाशी होतो, मलेच समजलं नवतं. तू समोर दिसली. तुले म्हटलं."

काकू म्हणाल्या, "तू म्हणाच्या पहिलेपासून मी तेच म्हणत होतो मनात. तू मोठ्यानं म्हटलं म्हणून राग आला."

मला वाटलं, आता दोघी एकमेकींना जवळ घेतील. आजी उठल्या आणि सरळ मोरीशी गेल्या. तिथे धुऊन पालथी घातलेली कढई होती, ती घेतली आणि राख लावून घासायला लागल्या. घासता घासता बोलत होत्या की ही काय कढई झाली, बुडाला किती काळं धरलंय, आई असती तर फेकून मारली असती, तुला पहिल्यापासून भांडी घासता येत नाहीत. काळ्या चष्म्याखालून पाणी गालांवर येत होतं आणि त्यांचा हात एवढासाही थांबत नव्हता. काकू खुर्चीतून वळून माझ्याकडे बघत होत्या. बहिणीकडे बोट दाखवून हलकेच म्हणाल्या, "पाह्य. अशी रडते."

त्या दिवसानंतर मी पुन्हा बहिणींची गोष्ट लिहिण्याचं नाव काढलं नाही. काकूंनीच आठवडाभराने परवानगी दिली. ताईला विचारलंय, म्हणाल्या, तिचं म्हणणं फक्त एवढंच की कढई खरंच काळी होती हे लिही. मी म्हटलं, खाटा शेजारी होत्या हे लोकांना पटायचं नाही, वेगळ्या वॉर्डात दाखवू का? काकूंनी त्याला साफ नकार दिला. घडलं तसं राहू दे, लोक ओरडतील, ओरडू दे.

लोक ओरडलेच. भाग टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू माझ्या खोलीत येऊन बसल्या आणि प्रतिक्रिया वाचून दाखवायला लावल्या. शेजारच्या खाटा, काहीही दाखवता. एवढे योगायोग फक्त गोष्टीतच होतात. एकीने तर विचारलं की लेखिका कधी दवाखान्यात तरी गेली आहे का. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. महिना उलटून गेला होता, आता चालत होतं. डावा का उजवा, यावर मात्र कोणी एक शब्द वाईट बोललं नव्हतं.

खाली खाली गेल्यावर एका बाईची प्रतिक्रिया आली. नाव-गाव काही नाही, फक्त एक ओळ: मी तिला आत्ता फोन लावते आहे.

काकूंचं हसू थांबलं. कोणाला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. बहीण असेल, मैत्रीण असेल, जाऊबाई असेल. त्या म्हणाल्या, पुढे काय झालं बघ. मी म्हटलं, पुढे काही नाही.

तो सगळा दिवस त्या दर तासाला येत राहिल्या, रात्री वडनेरला फोन करून ती ओळ ताईलाही ऐकवली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक लवकर आटोपून माझ्या दाराशी खुर्ची टाकूनच बसल्या. फोन त्यांच्याकडेही होता, पण त्यांचा माझ्या कॉम्प्युटरवर जास्त विश्वास होता. बाईने लावला असेल का, लावून काय म्हणाली असेल, समोरचीने नंबर ओळखला असेल का, मिटवून टाकला असेल तर. एवढ्या बाळंतपणांना उभी राहिलेली बाई, पण मी तिला अशी घायकुतीला आलेली कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच ओळीखाली त्या बाईने एक शब्द लिहिला होता.

मी वाचून दाखवला: उचलला.

काकूंनी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. मग त्यांनी फोन काढला आणि वडनेरला लावला. थेंबांचं काही विचारलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. पलीकडून आवाज आल्याबरोबर म्हणाल्या,

"ताई, त्या बाईनं उचलला वो."

आणि पलीकडे वडनेरला, कोण बाई, काय उचलला, हे ताईंनीही विचारलं नाही.